चार मिनिटांच्या बायका

मंगळावरच्या खाणीत पुरुषांना घेत नसत. पहिल्या वर्षी घेतले होते. पण तिथला दगड फुटक्या काचेसारखा, आणि अंगावरचा हवाबंद पोशाख तळावर परतेपर्यंत काढता येत नसे. फाटला तर वरून चिकटपट्टी लावायची. आतल्या जखमेला मात्र दोन तास हात लावता यायचा नाही. तेवढ्यात माणूस रक्त जाऊन मरायचा.

मग कंपनीला शहाणपण सुचलं. पीसीओएस असलेल्या, म्हणजे ज्यांची पाळी महिनोन्महिने चुकते अशा बायकांचं रक्त लवकर गोठतं, आणि ड जीवनसत्त्व कमी पडलं तर आणखी लवकर, असं तिच्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. टोचल्यापासून रक्त थांबेपर्यंतचा काळ म्हणजे ‘गोठणवेळ’. ती चार मिनिटांच्या आत भरली की नोकरी पक्की. गावात मूल होत नाही म्हणून ज्यांना कुणी बारशाला बोलवत नव्हतं, त्यांना निघताना हारतुरे मिळू लागले.

जुन्नरकडची कुसुम घोलप त्यांतलीच. पोटरी सुजल्याचं निमित्त करून ती तळावरच्या डॉ. केतकरांकडे आली, पण तिला विचारायचं होतं वेगळंच.

“मॅडम, माज्या धाकट्या बहिणीचा, ताराचा निरोप आलाय. तिची सव्वाचार मिनिटं भरली. दोन महिन्यांनी शेवटची चाचणी हाय. तिकडचा डॉक्टर म्हनतो, रोज उन्हात बस. बसू का नको, विचारतीय.”

“बसली तर नापास होईल,” केतकर म्हणाल्या.

“आन नाय बसली तर?”

केतकरांनी तिची पोटरी दाबली. कुसुम कळवळली.

“तर हे. जखम नसताना शिरेत रक्त गोठलंय. ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली की श्वास बंद.”

“माज्या खोलीतली मालन गेली, तिचं असंच झालं?”

“हो.”

“पन आमच्या खोल्यांत उन्हाचे दिवे हायेत की.”

“त्यांच्या काचा ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण अडवतात. मुद्दाम बसवल्यात.” केतकर हवापाण्याचं बोलावं तसं बोलत होत्या. “त्या काचा बसवण्याआधी वर्षाला नऊ जणी रक्त जाऊन मरायच्या. आता गुठळीनं सहा मरतात. तिघी वाचल्या ना?”

“कोन्च्या तिघी?”

“असं नावानिशी सांगता येत नाही.”

कुसुमला त्या बाईच्या थोबाडीत मारावीशी वाटली. केतकरांनी शांतपणे औषधाची बाटली पुढे केली. “हे घेतलंस तर बरी होशील. पण मग खाण बंद, पुढच्या यानानं घरी.”

घरी म्हणजे कुठे? कुसुमच्या नवऱ्यानं दुसरी केली होती. ताराला सासरच्यांनी आणून सोडलं होतं आणि भावानं तिचं अंथरूण गोठ्याशेजारच्या खोलीत टाकलं होतं. भावजय तिला वेगळ्या ताटलीत वाढायची.

कुसुमनं बाटली परत सरकवली. मग ती निरोपाच्या यंत्रापुढे बसली. तारा जवळ असावी, एवढंच तिला हवं होतं, आणि त्यासाठी आपण काय करतोय हे तिला पुरतं कळत होतं.

“तारे, डॉक्टराचं ऐकू नगं. दिवसा भायेर निघू नगं. मी हाय हितं.”

तासाभरानं उत्तर आलं.

“ताई, खिडकीला घोंगडं लावलं.”