दिर्चे मावशीची सायकल

ज्याला हसायचं आहे त्याने आत्ताच हसून घ्यावं. पुढे हसू येणार नाही.

ही गोष्ट माझा चुलतभाऊ लिआर्को याच्या बाबतीत घडली. त्याने ती मला माझ्याच स्वयंपाकघरात बसून सांगितली आणि सांगताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. लिआर्को थापाड्या आहे हे सगळ्या फेरारा शहराला ठाऊक आहे. थापांवरच त्याचं पोट चालतं. पण थापाड्या माणूस थाप मारताना समोरच्याच्या डोळ्यांत बघतो. म्हणून मी विश्वास ठेवला.

गेल्या नोव्हेंबरातली संध्याकाळ. धुकं असं दाट की कॅथेड्रलच्या पायरीवर उभं राहून चौकातला दिवा दिसत नव्हता.

लिआर्को बाहेरगावच्या पाहुण्यांना संध्याकाळी सायकलवरून शहर दाखवतो. किल्ल्याचा खंदक, मग शहराच्या जुन्या तटावरची झाडांखालची वाट, शेवटी खाली उतरून कमानींची जुनी गल्ली. पूर्वी तो राजघराण्याच्या गोष्टी सांगायचा. पाहुणे जांभया द्यायचे. एकदा त्याने सहज एका खिडकीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "या घरातल्या बाईने नवऱ्याला विष घातलं होतं."

पाहुणे शहारले. लिआर्कोला आपलं चलनी नाणं सापडलं.

आता ते घर कुणाचं होतं?

दिर्चे मावशीचं.

लिआर्कोची आई तो लहान असतानाच गेली. माय मरो, मावशी उरो म्हणतात, ते त्याच्या बाबतीत अक्षरशः खरं झालं. मावशीने त्याला स्वतःच्या पोरीच्या, योलांदाच्या, बरोबरीने वाढवलं. लाल भोपळ्याचं सारण भरलेले कापेल्लाच्ची करून ती आधी याच्या ताटात वाढायची, मग योलांदाच्या. योलांदा त्यावरून आजही टोमणे मारते.

मावशी गेली ती साधीच. योलांदा तापाने फणफणली होती. म्हातारी घरातल्या सपातांवरच सायकल काढून धुक्यात औषध आणायला निघाली. कोपऱ्यावर छातीत कळ आली आणि संपलं. सकाळी सापडली.

लिआर्कोने याचं काय केलं? तर म्हणे, तिने नवऱ्याला कापेल्लाच्चीतून विष घातलं. मग एका धुक्याच्या संध्याकाळी मेलेला नवरा तिला न्यायला आला. ती घाबरून सपातांवरच पळाली...

सपातासुद्धा सोडल्या नाहीत बघा त्याने.

योलांदा अजून त्याच घरात राहते. तिने त्याला पावाच्या दुकानात गाठलं.

"लिआर्को, तुझी माणसं माझ्या खिडकीकडे बोटं दाखवतात. काल एकीने खालून ओरडून विचारलं, विष कुठलं वापरलंत म्हणून."

"अगं, मी नाव कुठे घेतो?"

"नाव तेवढं राहिलंय. घर दाखवतोस, खिडकी दाखवतोस, तिच्या सपाता सांगतोस!"

"गोष्ट आहे गं ती. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

योलांदाने हातातला पाव पिशवीत ठेवला. "माझी आई होती ती. तुझीही होती. जनाची नाही तर मनाची तरी ठेव."

पाववाला पाठ फिरवून उगाच भट्टीत बघत राहिला. लिआर्कोचे कान तापले. पण दुसऱ्या संध्याकाळी तो पुन्हा त्याच खिडकीखाली उभा होता. लाज वाटली आणि तरी केलं. मला हे सांगताना त्याने टेबलाच्या कडेला नखाने ओरखडे काढले.

तर ती संध्याकाळ.

मिलानहून एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं होतं. व्हेरोनाच्या ओत्ताविया बाई होत्या, निवृत्त शिक्षिका. बाईंनी न कळवता एक मैत्रीण बरोबर आणली. लिआर्को नेहमी एक जादा सायकल हाताने धरून बाजूने नेतो, दगडी रस्त्यावर कुणाचं चाक फुटलं तर असावी म्हणून. ती मैत्रिणीला द्यावी लागली.

मग जादाची म्हणून त्याने आपल्या घराच्या जिन्याखालची काळी सायकल ओढून काढली.

मावशीची. ती गेल्यावर योलांदाने त्याला दिलेली, चालती ठेव म्हणून. त्याने ती कधी चालवलीच नव्हती.

एका हाताने आपली सायकल चालवायची, दुसऱ्या हाताने रिकामी बाजूने न्यायची. आमच्याकडे हे कुणालाही जमतं. आगगाडीने कुणी येणार असलं की आम्ही असंच त्याच्यासाठी सायकल घेऊन स्टेशनवर जातो. रिकामी सायकल घेऊन निघालेला माणूस दिसला की लोक हमखास विचारतात, कोण येतंय?

खंदकापाशी म्हातारा एर्मेते भेटला. त्याला कमी दिसतं. रोज तटाला फेरी मारतो.

"काय रे लिआर्को, कुणाला आणायला निघालास?"

"कुणाला नाही, काका. अशीच घेतलीय."

"अशीच कुणी नेतं का?" म्हातारा पुटपुटला आणि धुक्यात गेला.

खंदकाभोवती दगडी रस्ता आहे. मावशीची सायकल खडखड वाजत होती. साखळीचं झाकण, घंटी, मागचा दांडा, सगळं वाजत होतं. मिलानचा नवरा म्हणाला, "अहो, हिला जरा तेल तरी पाजा! माझी सासूसुद्धा एवढी कुरकुरत नाही."

बायकोने त्याला चापट मारली. सगळे हसले.

तटावर मातीची वाट लागली. आवाज थांबला, ते साहजिकच होतं. दोन्ही बाजूला उंच झाडं, मध्ये पांढरा अंधार. मागून पाहुण्यांच्या गप्पा ऐकू येत होत्या.

आणि लिआर्कोला जाणवलं...

त्याला सायकल धरावी लागत नव्हती.

ती आपली आपण सरळ चालली होती. त्याने बोटं सैल केली. ती तशीच बाजूने येत राहिली. उतार असेल, तो मनात म्हणाला. तटावर तिथे उतार नाही हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

पुढून एक दिवा आला. एर्मेतेच होता, फेरी पुरी करून परतणारा.

"आणलंस वाटतं!" म्हातारा जाता जाता म्हणाला. मग त्याने टोपीला हात लावला. "शुभ संध्याकाळ, बाई."

लिआर्कोने मागे पाहिलं. ओत्ताविया बाई बऱ्याच मागे होत्या.

मग म्हाताऱ्याने टोपीला हात लावला तो कुणासाठी?

म्हाताऱ्याला दिसत नाही नीट, त्याने स्वतःला बजावलं.

सगळे तटावरून उतरून गल्लीकडे वळले. इथले दगड गोटे आहेत, नदीतून आणल्यासारखे. त्यावर रिकामी सायकल चालली की अख्खी गल्ली जागी होते. लिआर्को तो खडखडाट ऐकायला कान लावून होता.

काहीच वाजलं नाही.

झाकण वाजलं नाही. घंटी वाजली नाही. आम्हा सायकलवाल्यांना हे सांगावं लागत नाही... रिकामी सायकल खडखडते. माणूस बसलेली गप्प चालते.

त्याने खाली पाहिलं.

सायकल नुसती हाताने नेली तर पायडल फिरत नाही. चाकं फिरतात, पायडल लोंबकळतं.

मावशीच्या सायकलीची पायडलं फिरत होती... हळूहळू. म्हाताऱ्या पायांनी मारल्यासारखी.

कमानीखाली ते घर आलं. वर योलांदाच्या खिडकीत उजेड होता. लिआर्को उतरला. त्याला तिथून पळून जायचं होतं. तो म्हणाला, "चला, पुढे जाऊ. इथे काही विशेष नाही."

"नाही कसं?" ओत्ताविया बाईंनी दटावलं. "विषवाल्या बाईची गोष्ट इथलीच ना? माझ्या भाचीने खास सांगितलंय. त्यासाठी तर आलो आम्ही."

"हो ना! पैसे वसूल करू द्या," मिलानचा नवरा म्हणाला.

तेव्हा नाही म्हणता आलं असतं. पोट दुखतंय म्हणता आलं असतं. लिआर्को मला म्हणाला, "मला भुताची भीती वाटत होती रे, पण त्याहून जास्त भीती चार परक्या माणसांत हसं होण्याची वाटली."

त्याने गोष्ट सुरू केली.

भेदरलेला माणूस जास्त बोलतो. त्या दिवशी त्याने नेहमीपेक्षा तिखटमीठ जास्त लावलं. नवरा तडफडत असताना बाई शेजारी बसून जेवत होती, असंही सांगितलं. हे त्याने आधी कधीच सांगितलं नव्हतं.

एकाएकी पाहुण्यांच्या माना वळल्या.

ते त्याच्याकडे बघतच नव्हते. सगळे त्याच्या बाजूला बघत होते. जिथे सायकल होती तिथे.

"अय्या," मिलानची नवी नवरी हळूच म्हणाली, "रडतायत त्या."

"श्श! चालू आहे अजून," नवरा कुजबुजला.

लिआर्कोने बाजूला पाहिलं. त्याला कुणी दिसलं नाही. फक्त सायकल दिसली. टेकायला भिंत नाही, घोडी लावलेली नाही, त्याचा हात नाही. तरी ती सरळ उभी होती.

आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"वा!" ओत्ताविया बाई म्हणाल्या. "काय नटी शोधलीत हो! नुसती मान खाली घालून उभी आहे, पण बघवेना मला."

लिआर्को ओरडला, "खोटं आहे! ती माझी मावशी आहे. तिने कुणाला विष घातलं नाही. तिचे यजमान आल्चेओ काका फुप्फुसाच्या दुखण्याने गेले. ती पोरीसाठी औषध आणायला निघाली होती. मला तिने वाढवलं... सगळं मी रचलंय. खोटं आहे सगळं!"



मग टाळ्यांचा कडकडाट झाला. आधीपेक्षा मोठा. मिलानच्या नवऱ्याने तर शिट्टी मारली. शेवटचा हा पलटा त्यांना फारच आवडला होता.

वरची खिडकी उघडली. योलांदा वाकून खाली बघत होती.

"लिआर्को," ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "आईची सायकल अशी उभी कशी आहे?"

त्याच क्षणी ती सायकल दगडांवर आडवी पडली. खडखडाटाने गल्ली दणाणली.

रिकामी झाली होती.

चौकात पाहुण्यांनी सायकली परत केल्या. बाकीचे गेले. ओत्ताविया बाई रेंगाळल्या. शिक्षिकाच त्या, शाबासकी दिल्याशिवाय जाणार कशा?

"तुमचं गावच वेगळं," त्या म्हणाल्या. "आणि ते किती बारकाईने बसवलंत हो तुम्ही! तटावरून येताना त्या आजींचा हात वाटभर तुमच्या खांद्यावर होता. लेकराला घेऊन निघाल्यासारखा. मी मैत्रिणीला म्हटलंसुद्धा, बघ किती माया आहे."

लिआर्को सायकलींना कुलूप लावायचं थांबला.

"आणि तुम्ही विषाचं बोलायला लागलात तेव्हा त्यांनी तो काढून घेतला. एकदम नाही. हळूच. मला तेच सगळ्यात आवडलं."

त्या गेल्या. लिआर्को चौकात उभा राहून दोन्ही खांदे चाचपत होता. कोणता खांदा, हे विचारायचं राहून गेलं. त्याला स्वतःला काहीच जाणवलं नव्हतं. वाटभर नाही. एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी तो योलांदाकडे गेला. दारातच गुडघे टेकले म्हणे. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने त्याला आत घेतलं, कॉफी दिली आणि समोर बसली.

"कुणाला बोलले नव्हते," ती म्हणाली. "लोक वेडी म्हणतील म्हणून. पण आई रोज संध्याकाळी यायची. खाली सायकल टेकवल्याचा आवाज व्हायचा, मग जिना चढून वर यायची. दिसायची नाही. पण मी तिच्यासाठी दार कडी न लावता नुसतं लोटून ठेवायचे. एकटीला सोबत व्हायची रे."

"आणि काल?"

"काल आली नाही."

ती त्या संध्याकाळीही आली नाही. नंतरही नाही. आता तर वसंत सरत आलाय. लिआर्कोने धंदा सोडला, शहरभर सगळ्यांना स्वतःहून खरं सांगत फिरला. लोक मान हलवतात आणि त्याच्या पाठीमागे हसतात. काही म्हणतात, नवी गोष्ट बरी रचलीय पठ्ठ्याने.

मी गेल्या आठवड्यात योलांदाकडे गेलो होतो. संध्याकाळ झाली तशी ती उठली, दाराची कडी काढली आणि ते नुसतं लोटून आली. आम्ही दोघं कान देऊन बसलो. जिन्यावर आवाज झाला नाही.

निघताना मी तिला विचारलं, "रागावली असेल का गं?"

योलांदाने नकारार्थी मान हलवली.

"आई रागवायची नाही कधी," ती म्हणाली. "लाजली असेल. चारचौघांत तसं ऐकल्यावर कुठल्या तोंडाने येईल ती घरी?"

मी जिना उतरलो. खालचं दार उघडंच ठेवायचं की लावायचं, मला कळेना. शेवटी उघडं ठेवून आलो.