राहून गेलेली मुलाखत

कानाच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायला वेळ होता. काउंटरवरच्या मुलीला मी एवढंच विचारलं, "आत पंखा आहे का गं, की इथेच बसू?" तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतलं वर्तमानपत्र हळूच खाली आलं.

"परत बोला बरं," वर्तमानपत्रामागचे गृहस्थ म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीही. पंखा म्हणा... रविवारची सकाळ झाल्यासारखं वाटलं."

मला हसू आलं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी असं कोणीतरी भेटतंच. रेडिओवर दर रविवारी मी नामवंतांच्या मुलाखती घ्यायची. माझा चेहरा कोणी पाहिलेला नव्हता, पण आवाज घरोघरचा होता. आणि आता बघा, जन्मभर इमानेइतबारे दुसऱ्यांचं ऐकून घेतलेला माझा डावा कान संपावर गेला होता.

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. पिकलेल्या मिशा, खट्याळ डोळे... चेहरा ओळखीचा होता.

"तुम्ही सिनेमात नायकाचे मित्र असायचात. गोळी लागून मरायचात."

"मध्यंतराआधी," ते अदबीनं म्हणाले. "प्रेक्षकांना चहा प्यायला मोकळं करायचो."

त्यांना सगळे 'दोस्त' म्हणायचे, कारण त्यांना दुसरी भूमिका कोणी दिलीच नाही. नायकाचा निरोप पोचवायचा, नायकासाठी मार खायचा आणि आपलं मन मारून बाजूला व्हायचं.

"माझी एक तक्रार आहे," ते म्हणाले. "माझ्या शेजारी उभ्या राहिलेल्या प्रत्येकाची मुलाखत तुम्ही घेतलीत. माझीच राहिली."

"मग आता घेते. पण आधी कान तपासून घेऊ दे, नाहीतर तुमची उत्तरं वाया जायची."

मी गंमत केली होती. पण बाहेर आले तर ते जिन्यापाशी उभे होते... माझी वाट पाहत.

समोरच्या चहाच्या दुकानात आमची मुलाखत सुरू झाली आणि ती काही संपेना. आज थोडी, परवा थोडी. त्याच सुमारास रेडिओ केंद्रानं मला माझ्या आठवणींच्या मालिकेसाठी बोलावलं होतं. मी दोस्तांना माझ्या आठवणी आधी सांगून बघायची. ती थोर गायिका स्टुडिओतला प्रक्षेपणाचा लाल दिवा लागायच्या आधी माझी करंगळी घट्ट धरायची. आणि तो गाजलेला नायक तर उत्तरं कागदावर लिहून आला होता. मी कार्यक्रम चालू असताना त्याच्या हातातून कागद काढून घेतला. आधी तो माझ्याकडे खाऊ की गिळू असा बघत राहिला, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा मनापासून बोलला.

"दुसऱ्या दिवशी शूटिंगला आला तो गप्पच," दोस्त म्हणाले. "मला म्हणाला, त्या बाईच्या वाटेला जाऊ नकोस. मी मनावर घेतलं. कधी गेलो नाही."

"आणि आता?"

त्यांनी चहात साखर नव्हती तरी चमचा फिरवला. "आता... वाट चुकलो."

मी कप खाली ठेवला. मी लगेच मुलाखतकाराचा आवाज लावला. "लग्न का नाही केलंत?"

"सिनेमात खूपदा ठरलं. दर वेळी नायकासाठी सोडून दिलं."

"आणि खऱ्या आयुष्यात?"

"तिथे नायक नव्हता, तरी उशीर झाला," ते म्हणाले.

अशा गोष्टी झाकून राहत नाहीत. आमचा चहा पितानाचा फोटो वर्तमानपत्रात आला. खाली ओळ होती – 'जुना आवाज, नवी सोबत'. मुलानं पान माझ्यासमोर ठेवलं. सून स्वयंपाकघराच्या दारात ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"आई, ऑफिसात लोक मला विचारतात."

"मग सांग त्यांना. खरं आहे म्हणावं."

"या वयात? बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, तेव्हा नाही आणि आता? तुला इथे काय कमी आहे?"

"काही कमी नाही, राजा. म्हणून तर म्हणते. उपाशी माणूस काहीही खातो. पोट भरलेलं असताना हवंसं वाटतं ना, ते खरं हवं असतं."

सून तोंड फिरवून हसली. मुलगा हसला नाही. त्यानं परस्पर दोस्तांना फोन केला, हे मला नंतर कळलं. मला एवढंच दिसलं की दोस्त चहाला यायचे थांबले.

मी त्यांचं घर शोधून काढलं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत एक खाट होती, दोरीवर वाळत घातलेला सदरा होता, आणि भिंतीवर जुने फोटो होते. प्रत्येक फोटोत दोस्त कडेला उभे.

"तुमचा मुलगा चुकीचं बोलला नाही," ते म्हणाले. "तुमचं नाव आहे, घर आहे. माझ्यामुळे त्यात मिठाचा खडा पडायला नको. मला बाजूला व्हायची सवय आहे."

मी जिना चढून आले होते. दम लागला होता आणि रागही आला होता. "तुमची सवय तुमच्याजवळ ठेवा. या गोष्टीत तुमच्या वाट्याचं मागायला कोणी नायक आलेला नाही. मला एकच सांगा, मी तुम्हाला आवडते की नाही?"

त्यांनी विचारलं, "हा मुलाखतीतला प्रश्न आहे?"

"नाही. माझा आहे."

"तर मग... हो," ते अगदी हळू म्हणाले. माझा डावा कान त्यांच्याकडे होता, तरी मला स्वच्छ ऐकू आलं.

"रविवारी रेडिओवर माझ्या मालिकेचा शेवटचा भाग आहे, थेट प्रक्षेपण. तिथे या. आणि तो सदरा इस्त्री करून घाला."

रविवारी स्टुडिओत बसले तेव्हा जाड दार मागे बंद झालं आणि तोच जुना, कापसासारखा शांतपणा कानांवर आला. काचेपलीकडे दोस्त माझी पर्स मांडीवर धरून बसले होते. निवेदिका माझ्या सुनेच्या वयाची, गोड मुलगी. शेवटी तिनं लाडिकपणे विचारलं, "एवढे देखणे नट, एवढे मोठे कलावंत समोर बसले. खरं सांगा हं... कधीच कोणाच्या प्रेमात पडला नाहीत?"

मी नुसतं हसून वेळ मारून न्यावी, अशीच तिची अपेक्षा होती.

"त्यांच्यातल्या कोणाच्याच नाही," मी म्हणाले. "पण सध्या आहे. सिनेमात नायकाचे मित्र व्हायचे, ते दोस्त आठवतात? त्यांच्या प्रेमात आहे. आम्ही लग्न करणार आहोत. ज्यांना माझं वय मोजायचं असेल, त्यांनी खुशाल मोजावं. माझ्या मुलालाही हे पुष्कळ जण विचारतात. त्याला त्रास नको, म्हणून सगळ्यांना एकदमच सांगून टाकते."

काचेपलीकडे दोस्तांनी पर्स छातीशी धरली होती आणि ते न लपवता रडत होते.

मी बाहेर आले तशी ते उठले. "लग्नाचं... मला आधी विचारायचं तरी."

"जन्मभर सगळ्यांना विचारतच आले हो," मी म्हणाले. "आज सांगितलं."

पर्समध्ये फोन वाजत होता. मुलगा होता.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"ऐकलं."

"आम्ही दोघं जेवायला येतोय. तुला बोलायचं असेल ते समोरासमोर बोल. मी ऐकून घेईन. पण बेत बदलणार नाही."

त्याच्या मागून सुनेचा आवाज आला, काहीतरी दटावल्यासारखा. मग मुलानं घसा खाकरला.

"त्यांना तिखट चालतं का?"

मी फोनवर हात ठेवून दोस्तांना विचारलं. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं, डोळे पुसले.

"नाही चालत," ते म्हणाले. "पण आज खाईन."