बांच्या चेहऱ्यावरचा ओरखडा

"तुम्ही चोर पकडता म्हणे. मला एक ओरखडा काढणारा पकडून द्या. आणि आजच द्या!"

भावनगरच्या खारगेट भागातील आपल्या कचेरीत खाजगी गुप्तहेर निरंजन अंताणी नुकतेच पावगाठिया खावयास बसले होते. हे शब्द कानी पडताच त्यांचा हात बशीतच थबकला. दारात साठी उलटलेली एक स्त्री उभी होती. उजव्या खांद्यावरून पुढे आलेल्या पदराचे टोक तिने मुठीत असे आवळले होते, की जणू ते कुणाचे मानगूटच असावे.

"बसा बेन," अंताणींचे सहायक बटुकभाई खुर्ची पुढे सरकवीत म्हणाले. "पाणी घ्या."

"पाणी नको. पाण्यानं राग उतरतो. मला तो संध्याकाळपर्यंत टिकवायचाय."

अंताणींनी बशी दूर सारली. ते स्वतः तापट स्वभावाचे असल्याने ही बाई त्यांना तत्क्षणी आवडली.

तिचे नाव कपिलाबेन भोजक. तिचे दिवंगत पिताश्री मनहरलाल हे छायाचित्रकार होते. निम्म्या गावाचे चेहरे त्यांच्या निगेटिव्हमध्ये पडून होते. तो सर्व ठेवा संगणकात उतरविण्यासाठी कपिलाबेननी 'जुनी छबी मंडळ' या संस्थेस विनामूल्य दिला. अट एकच घातली : यंत्राशेजारी त्या स्वतः बसतील आणि प्रत्येक चेहऱ्याचे नाव सांगतील. ती नावे ठाऊक असलेले दुसरे कोणी आता हयात नव्हते.

"आणि मग स्कॅनर कोणता घ्यायचा, यावरून मंडळात जुंपली," कपिलाबेन म्हणाल्या. "तिघांची तीन मतं, तीन यंत्रं. शेवटी ठरलं, तिघांनीही एकच निगेटिव्ह आपापल्या यंत्रावर उतरवायची. सवडीनं, एकेकट्यानं. मग नाव न घालता छापील प्रती मांडायच्या. चांगली असेल ते यंत्र घ्यायचं. निगेटिव्ह मी निवडून दिली. माझ्या बांची, म्हणजे आईची. रळियातबेन. बा गेल्या तेव्हा मी पाळण्यात होते. बापूजींनी काढलेला त्यांचा हा एकच फोटो."

त्यांनी पाकिटातून ती काळीपांढरी निगेटिव्ह कडा धरून बाहेर काढली. कपाळापासून हनुवटीपर्यंत एक तिरका ओरखडा गेला होता.

"दिली तेव्हा स्वच्छ होती. काल परत घेतली तर ही अशी! मंडळाचा चिटणीस हितेश वखारिया सगळ्यांदेखत म्हणतो, 'काकी, बिस्किटाच्या डब्यात ठेवलंत, मग दुसरं काय होणार?' काकी! मी कधी झाले याची काकी? म्हणतो, ओरखडा जुनाच आहे. यंत्रं ओरखडे आपोआप पुसतात, म्हणून प्रतींत दिसत नाही. आज संध्याकाळी ठराव आणतोय, की यापुढे निगेटिव्हना मी हात लावायचा नाही. माझ्याच बापाच्या निगेटिव्हना!"

अंताणींनी ती निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात तिरपी केली. तिची एक बाजू आरशासारखी चकचकीत होती, आणि तीवर काहीही नव्हते. दुसरी बाजू मंद होती, भुकटी फासल्यासारखी. ओरखडा त्या मंद बाजूवर खोल गेला होता.

"मंद बाजू," ते पुटपुटले.

"कोणतीही बाजू असो साहेब, चेहरा तर गेलाच ना?" बटुकभाई म्हणाले.

"बटुकभाई, कोटाला बाहेरून डाग पडतो तो वेगळा आणि अस्तराला पडतो तो वेगळा. प्रती दाखवा बेन."

पहिल्या प्रतीत गालाभोवती पुसट वलये उमटली होती, पाण्यावर सांडलेल्या तेलाची असतात तशी. दुसरी प्रत निर्मळ होती. तिच्या चारही कडा एखाद्या चौकटीने झाकल्याप्रमाणे सरळ कापलेल्या दिसत होत्या. तिसरीत फिल्मचा तुकडा कडेसकट उमटला होता, आणि कडेवर बारीक अक्षरे होती. बटुकभाईंनी ती नाकापाशी नेली.

"ही कुठली हो लिपी? रशियन फिल्म असणार."

त्या प्रतीत डाव्या खांद्यावर पदर घेतलेली एक तरुण स्त्री शांतपणे पाहत होती. ओरखडा मात्र तिन्ही प्रतींत कोठेही नव्हता.

"हिच्याकडे पाहिलं की मला जास्त चीड येते," कपिलाबेन म्हणाल्या. "चेहरा बांचाच, पण बाई परकी वाटते. का, ते सांगता येत नाही."

अंताणी उठले. "संध्याकाळी मंडळात या. राग सोबत आणा."

सर्वप्रथम ते मंडळाच्या खोलीत गेले. तेथे मंडळाचे अध्यक्ष, पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक धीमंतराय पाठक, आपल्या यंत्राची काच पुशीत होते. ते यंत्र पाटासारखे जाड होते, आणि त्याच्या वजनदार झाकणातून एक वेगळी तार निघालेली होती. शेजारी वखारियांचे यंत्र होते, पाटीसारखे पातळ.

"फोटोवरून उजेड परत येतो, फिल्ममधून तो आरपार जावा लागतो," प्राध्यापक म्हणाले. "म्हणून फिल्मसाठी झाकणातही दिवा हवा. लोक इंचामागे ठिपक्यांचे आकडे विचारतात. अहो, ते आकडे म्हणजे दुकानदाराचं गाणं!"

"आणि फिल्म धरण्याची चौकट?"

"ती माझ्या पिशवीत. रोज घरी नेतो. ती फिल्मला काचेपासून जरा उचलून धरते. ती हरवली तर यंत्र पांगळंच."

"हे यंत्र इथेच असते? खोलीची किल्ली कोणाकडे?"

"यंत्र इथेच. किल्ल्या आम्हा तिघांकडेही."

"ओरखडे आपोआप पुसले जातात, हे खरे का?"

"रंगीत फिल्मचे जातात. काळ्यापांढऱ्या फिल्ममध्ये चांदी असते. तिथं ती युक्ती चालत नाही, उलट चित्र फिसकटतं."

"हे आपण काल मंडळात का बोलला नाहीत?"

प्राध्यापकांनी चष्मा काढला. "मला तंटा आवडत नाही हो."

"म्हणजे एका बाईवर खोटा आळ येईल, आणि आपण शांतपणे त्याखाली सही कराल!" अंताणी कडाडले. "कोणती प्रत आपली?"

"दुसरी," प्राध्यापक खालमानेने म्हणाले.

लग्नाची छायाचित्रे काढणारे मंडळाचे सभासद अनवरभाई खोखर आपल्या स्टुडिओत भेटले. लग्नसराई असल्याने त्यांनी आपले यंत्र प्रत काढून होताच परत नेले होते. झाकणात दिवा होता. परंतु बाजूस पडलेली फिल्मची चौकट दुभंगलेली होती.

"ही केव्हा मोडली?"

"मोडली कधीतरी. आमच्याकडं फिल्म आता येते कुठं?"

"मग बांची फिल्म कशी ठेवलीत?"

"ठेवली... जशी ठेवतात तशी." अनवरभाईंनी नजर चुकविली. "दुसरी प्रत माझी आहे. लिहून घ्या."

वखारिया आपल्या स्कॅनर-संगणकांच्या दुकानात चहा घेत बसले होते. मंडळात ठेवलेल्या यंत्रासारखेच दुसरे यंत्र त्यांच्या पुढ्यात होते.

"या साहेब! काकींनी तुम्हालाही कामाला लावलं वाटतं? आमचं मशीन बघा. फोटो, फिल्म, दाखले, सगळं करतं. वजनाला तर पापडासारखं!"

बटुकभाईंनी झाकण उचलले. आत नुसता पांढरा पत्रा होता. संपूर्ण यंत्राला मिळून संगणकाकडे जाणारी एकच तार होती.

"सुबक आहे," अंताणी म्हणाले. "आपली प्रत कोणती?"

"दुसरी! ती स्वच्छच सांगते ना कोणाची ते."

रस्त्यावर येताच बटुकभाईंनी मांडीवर थाप मारली. "उकललं साहेब! अनवरभाई! चौकट मोडकी. फिल्म उघड्या काचेवर टाकली. वलयं उठली, ओरखडाही उठला!"

"शाब्बास. अर्धे अगदी बरोबर आहे."

"आणि उरलेलं अर्धं?"

"त्या अर्ध्यावर तुम्ही एका निरपराध माणसाला फासावर चढवीत आहात. चला."

सायंकाळी मंडळाच्या खोलीत सर्व जमले. वखारियांनी ठरावाचा कागद टेबलावर ठेवला होता. कपिलाबेन भिंतीशी ताठ उभ्या होत्या; बसा म्हटले तरी बसल्या नाहीत.

"ओरखडा जुना नाही," अंताणींनी प्रारंभ केला. "काळ्यापांढऱ्या फिल्मवरचा ओरखडा यंत्र आपोआप पुसत नाही, हे अध्यक्षांना ठाऊक होते. जुना असता, तर तिन्ही प्रतींत दिसला असता. तेव्हा तो शेवटची प्रत निघाल्यावर यंत्रावरून फिल्म काढताना पडला. आता मौज पाहा. प्रती तीन, आणि तिघेही म्हणतात दुसरी माझी! पहिली आणि तिसरी काय आकाशातून पडल्या? अनवरभाई, पहिली आपली. गुळगुळीत फिल्म गुळगुळीत काचेला चिकटली, की अशी वलये उठतात."

अनवरभाईंनी कपाळावरचा घाम पुसला. "हो. लाज वाटली साहेब. चौकट नव्हती."

"बघा!" बटुकभाई म्हणाले.

"थांबा! वलये उठली, याचाच अर्थ चकचकीत बाजू काचेवर होती. ओरखडा आहे मंद बाजूवर. ती वर होती, काचेला लागलीच नाही. अनवरभाई, तुम्ही निष्काळजी आहात, गुन्हेगार नाही."

वखारिया खुर्चीत किंचित सरसावले.

"दुसऱ्या प्रतीच्या कडा चौकटीने झाकल्या आहेत. शाबूत चौकट एकट्या प्राध्यापकांकडे, आणि ती त्यांच्या पिशवीत असते. दुसरी त्यांची. उरली तिसरी. तीत फिल्मची कड उघडी दिसते, म्हणजे तीही चौकटीविना काढली. बटुकभाई, तुमची रशियन अक्षरे जरा दिव्यासमोर धरून कागदाच्या पाठीमागून वाचा."

बटुकभाईंनी तसे केले आणि त्यांचा चेहरा उतरला. "ही तर साधी इंग्रजी! उलटी दिसत होती."

"कपिलाबेन, तुम्ही पदर कोणत्या खांद्यावरून पुढे घेता?"

"हे काय विचारणं झालं? उजव्या. आमच्यात घरोघर तसाच."

"आणि तुमच्या बा?"

कपिलाबेननी तिसरी प्रत हिसकावून घेतली. "डाव्या खांद्यावर! मेल्यांनी माझ्या बांना उलटं केलं! मी आपली चेहराच बघत बसले."

"चित्र उलटे केव्हा येते? मंद बाजू खाली ठेवली तर. ज्याने तिसरी प्रत काढली, त्याने मंद बाजू उघड्या काचेवर ठेवली, आणि प्रत निघाल्यावर फिल्म ओढून काढली. काचेवर धुळीचा एक कण पुरेसा असतो. वखारिया, तिसरी प्रत तुमची."

"काहीतरीच! माझ्या मशीनवर मी..."

"तुमच्या मशीनवर? मग आता काढा!" अंताणींचा आवाज खोलीभर घुमला. "अनवरभाई, एखादी टाकाऊ निगेटिव्ह द्या."

वखारियांनी ती पातळ यंत्रात ठेवली. संगणकाच्या पडद्यावर एक काळपट, गढूळ डाग उमटला.

"झाकणात दिवाच नाही, तर फिल्ममधून उजेड येणार कोठून? आपले यंत्र खपावे म्हणून तुम्ही एकटे असताना प्राध्यापकांच्या यंत्रावर प्रत काढलीत. अनवरभाईंचे यंत्र येथे नव्हते. चौकट प्राध्यापकांच्या पिशवीत होती. फिल्म कशी ठेवतात, हे तुम्हांस ठाऊक नव्हते!"

वखारियांनी घाईने झाकण मिटले. "चूक झाली. घाईत होतो. एक ओरखडा तर आहे. संगणकात पुसता येतो, काकी."

"फिल्म खराब झाली ती चूक!" अंताणींनी ठरावाचा कागद त्यांच्यापुढे आपटला. "ही चूक नाही. हे तुम्ही शुद्धीवर राहून लिहिलेत, एका मुलीला तिच्या आईपासून दूर ठेवण्यासाठी!"

प्राध्यापकांनी तो कागद उचलला आणि फाडला. मग ते कपिलाबेनकडे वळून म्हणाले, "मी काल बोलायला हवं होतं, बेन."

"हो. हवं होतं," कपिलाबेन म्हणाल्या.

त्यांनी प्राध्यापकांच्या पिशवीतून चौकट मागून घेतली. चकचकीत बाजू खाली करून बांची निगेटिव्ह तीत स्वहस्ते बसविली आणि जड झाकण लावले. पडद्यावर रळियातबेन सावकाश उमटल्या. पदर उजव्या खांद्यावर, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत ओरखडा.

"पुसून देऊ, बेन?" अनवरभाईंनी हळूच विचारले. "मला येतं ते."

"हात लावू नका. नावाची जागा कुठाय?"

अनवरभाईंनी दाखविली. कपिलाबेन एकेक अक्षर शोधून दाबू लागल्या. 'रळियातबेन मनहरलाल भोजक', असे त्यांनी लिहिले. मग पुढच्या ओळीवर जाऊन लिहिले : 'ओरखडा : हितेश वखारिया'.

"बेन, अहो हे कायमचं राहील!" वखारिया किंचाळले. त्यांची काकी आता बेन झाली होती.

"चित्रात जे दिसतं त्याचं नाव सांगायचं, हेच माझं काम ठरलंय."

एवढे बोलून त्या प्रथमच खुर्चीवर बसल्या. पदराचे टोक त्यांच्या मुठीतून सुटले.

"बटुकभाई," त्या म्हणाल्या, "आता द्या पाणी."