मागची जागा

वैजयंताबाई ढमाळ सकाळी ओट्याशी डोळे मिटून एका पायावर उभ्या राहिल्या आणि पडल्या नाहीत.

"बगळा झालीस की," चहा गाळता गाळता ढमाळ सर म्हणाले.

"बगळ्याला मासा मिळतो. मला माझी गाडी मिळाली म्हणजे झालं."

बाईंच्या डाव्या कानामागची गाठ शस्त्रक्रियेनं निघाली होती, पण जाताना त्या कानातला तोल सांभाळणारा भागही घेऊन गेली होती. दुसरा कान वयानं आधीच थकलेला. भिंत धरून चालायची पाळी आली, तेव्हा कऱ्हाडच्या डॉ. नाझनीन मुल्ला यांनी तांदळाच्या दाण्याएवढं तोलयंत्र बसवलं. शरीर कुठं कललं हे यंत्राला आपलं आपण समजतं; सावरायचं कसं, हे मात्र त्याला शिकवावं लागतं. त्यासाठी धडधाकट माणसं वर्षभर कानामागे नोंदयंत्र बाळगतात आणि आपला तोल दान करतात. रक्तदान म्हणावं इतक्या सहज लोक आता तोलदान म्हणू लागले होते.

चालणाऱ्यांच्या नोंदी ढिगानं होत्या. बाईंनी हट्ट धरला तो दुचाकीवाल्याच्या नोंदीसाठी. पशुधन पर्यवेक्षक म्हणून त्यांची सगळी नोकरी पाटणच्या डोंगरवाड्यांवर मोटारसायकलीनं झाली होती. मागे लाळ्या-खुरकताच्या लसीची थंडपेटी आणि पुढे रस्ता असलाच तर रस्ता. निवृत्तीनंतर गाडीतलं पेट्रोलचं इंजिन काढून बॅटरी बसवली, पण गाडी विकली नाही. डॉक्टरांनी शोधशोध करून अशी एकच नोंद मिळवली. देणाऱ्याचं नाव नियमानं गुप्त. बाई रोज दिवा लावताना त्या बिनचेहऱ्याच्या माणसाचं भलं मागत.

चालणं सुधारलं. गाडीनं मात्र दगा दिला.

सरळ रस्त्यावर ठीक चाले. वळण आलं की बाईंचं अंग आपोआप सीटवर पुढं सरके, क्षणभर कशाची तरी वाट पाही आणि मग उजवीकडे झुकतं माप देत वळे. मागचं चाक हलकं पडून डगमगे. परवा तर गाडी बांधावर टेकली. डॉक्टरांनी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "मावशी, शुक्रवारपर्यंत बघू. नाहीतर ही नोंद काढून चालण्याची घालते. मग गाडी बंद. मला तुम्ही जिवंत पाहिजे."

बाईंना दोन रात्री झोप नव्हती. गाडी बंद म्हणजे त्यांच्या लेखी अर्धं आयुष्य बंद.

"मागं वजन असल्यासारखं वाटतं बघा," चहा घेताना त्या म्हणाल्या. "त्या माणसाला ओझं न्यायची सवय असणार."

मग काय, माळ्यावरची जुनी थंडपेटी खाली आली. तिच्यात पाण्याच्या बाटल्या भरून ती मागे बांधली. अंगणात दोन फेऱ्या झाल्या. गाडी तशीच डुलली. पेटी जड होती, पण वळणावर ती झुकत नव्हती. बाईंच्या लख्ख ध्यानात आलं. ज्याच्यासाठी अंग थांबतं ते सामान नव्हे, माणूस आहे.

त्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी लगेच कप विसळायला घेतला.

याला कारण होतं. लग्न झाल्यापासून सर बायकोच्या मागे कधी बसले नव्हते. शाळा बाईंच्याच वाटेवर, तरी सर एसटीनं जात. बाई एसटीला मागे टाकताना मुद्दाम हॉर्न वाजवत आणि चित्रकलेचे हे मास्तर पलीकडच्या खिडकीतून निसर्ग बघत.

"अहो, बसा की."

"गावात शाळेची पोरं बघतील माझी."

"तुमच्या पोरांना नातवंडं झाली. त्यांना कुठं लांबचं दिसतंय?"

सर हसले नाहीत. पण बाईंचा आवाज शेवटी जरासा चिरकला, तो त्यांनी ऐकला. हात पुसून त्यांनी हेल्मेट उचललं.

गाडी निघाली. पहिल्याच वळणावर मागचं चाक रस्त्याला धरून राहिलं. बाईंचं अंग थांबलं, सर सावरून बसले, मग गाडी वळली. तरीही उजवीकडचा झोक थोडा उरलाच. बाईंनी गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ हँडलकडे बघत राहिल्या.

"मागं बाईमाणूस बसायचं त्यांच्या," त्या म्हणाल्या. "लुगड्यात. एका अंगाला, दोन्ही पाय डावीकडं. म्हणून ते उजवीकडं तोलून धरायचे."

सरांना पुढचं न सांगता कळलं. "म्हणजे मी आता..."

"नको. राहू द्या. एवढं नाही सांगणार मी तुम्हाला."

सर खाली उतरले. एवढ्यात दुधाची गाडी समोरून आली, तिच्या चालकानं "नमस्कार सर!" म्हणून हात केला. सरांनी नमस्काराला उत्तर दिलं आणि त्याच्या देखत दोन्ही पाय डावीकडे सोडून बायकोच्या मागे एका अंगाला बसले. एक हात तिच्या खांद्यावर ठेवला.

"चल. कुंभार्लीपर्यंत जाऊ."

घाटात एकामागून एक वळणं आली आणि गाडी एकदाही डगमगली नाही. बॅटरीच्या गाडीला आवाज नसतो, त्यामुळे हेल्मेटच्या आत बाई रडत होत्या ते सरांना ऐकू आलं. त्यांनी खांद्यावरचा हात तसाच ठेवला. बाईंना आयुष्यात इतकं कृतज्ञ कधी वाटलं नव्हतं. मागे बसलेल्या माणसाबद्दल आणि ज्याचा तोल उसना घेतला त्याच्याबद्दलही.

शुक्रवारी डॉ. मुल्लांनी सगळं ऐकून नोंद पुन्हा तपासली. पडद्यावर गाडीच्या हादऱ्यांवरून काढलेली भाराची रेघ होती आणि तिच्याखाली तोलाची.

"बरोबर आहे, मावशी. मागे माणूस होतं." त्यांनी पडद्यावरची रेघ पुढं सरकवली. "पण हे बघा. वर्षाच्या शेवटी शेवटी भार नाहीसा झालाय. गाडीवर ते एकटेच."

"आणि तोल?"

"तोल तसाच. पुढं सरकून बसणं, वळणाआधी थांबणं, उजवीकडं धरणं. काहीच बदललं नाही. मागं कुणी नसतानाही ते जागा ठेवत होते."

बाईंनी कानामागे हात नेला.

"आता कारण कळलंय, तर मागचा भार मला वजा करता येईल," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "मग तुम्ही पूर्वीसारख्या एकट्या फिराल."

मोह मोठा होता. एकटीनं डोंगर पालथे घालणं हीच तर बाईंची ओळख होती. त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं. गाडीजवळ सर दोन्ही हेल्मेटं काखोटीला मारून उभे होते आणि कुणालातरी घाटातली वळणं हातवारे करून सांगत होते.

"काही वजा करू नका," बाई म्हणाल्या. "त्यांनी दिलं तसं सगळं राहू द्या. फक्त एक विचारू? नाव नका सांगू. पण ते अजून असतील, तर त्यांना कुठून तरी एवढं कळवता येईल का, की त्यांनी राखलेल्या जागेवर आता कुणीतरी बसतंय?"