पंधरवड्यापुरता उपमा

कोल्हारच्या स्टँडमागच्या गल्लीत मनवा भाजणी भाजायला बसली की तो वास आधी पेठेत फिरून येई, मग प्रवरेच्या पुलावर जाई आणि शेवटी विनातिकीट श्रीरामपूरच्या एसटीत चढे. एकदा तर त्या वासानं गाडीच बंद पडली. ड्रायव्हर म्हणतो डिझेल संपलं होतं. पण ड्रायव्हर लोकांचं काय, ते काहीही सांगतात!

त्या बंद गाडीतून उतरलेला एक तरुण वासाच्या मागोमाग चालत थेट मनवाच्या ओसरीपुढे येऊन उभा राहिला. त्याचं नाव अनीश. घर श्रीरामपूरला, पण औषधाचं दुकान तिकडे डोंगरात, राजूरला. तिथे तो एकटाच राही आणि स्वतःच स्वयंपाक करी. त्याची तब्येत बघूनच ते कळत होतं.

ओसरीवर लोखंडी कढईपुढे मनवा बसली होती. गालावर पिठाचं बोट उमटलेलं, हातात उलथनं. शेजारी तिच्याकडे कामाला येणारी बनुबाई धने निवडत होती.

"इथं जेवायला मिळतं का?" अनीशनं विचारलं.

"न्हाई," बनुबाई म्हणाली. "हितं जेवनाची तयारी मिळती."

मनवानं हसू दाबत एक पाकीट पुढे केलं. "उपम्याचं आहे. रवा भाजलेला, फोडणी दिलेली, मीठ-मिरची सगळं आत. असंच पिठल्याचं आहे, खिचडीचं आहे. उकळतं पाणी ओतायचं, झाकण ठेवायचं आणि गप्प बसायचं."

"गप्प बसणं जमेल," अनीश म्हणाला. "पाण्याचं सांगता येत नाही."

आता मनवाला हसू आवरेना. उलथनं जागच्या जागी थांबलं. कढईतली डाळ काळी पडली तरी कुणाच्या लक्षात आलं नाही... बनुबाई सोडून.

"किती दिवस टिकतं हे?" त्यानं चष्मा सावरत विचारलं. औषधवाल्याचा प्रश्न होता तो.

खरं उत्तर होतं, सहा महिने. मनवा कढीपत्ता बोटांत चुरा होईपर्यंत तळायची. फोडणी दिलेला रवा सुती कापडावर पसरून पूर्ण गार झाल्याशिवाय पाकिटात भरायची नाही. ओलाव्याला आत शिरायला तिनं वाटच ठेवली नव्हती. पण तिनं त्या चष्म्यामागच्या डोळ्यांकडे पाहिलं... आणि तोंडातून निघालं,

"पंधरवडा. मग रव्याला जाळी धरते."

बनुबाईच्या सुपातले धने सांडले.

तो गेल्यावर ती म्हणाली, "आगं पोरी, आपल्या रव्याला जाळी? कदी धरली गं?"

"तुम्ही धने निवडा, बनुमावशी."

तेव्हापासून अनीश दर पंधरवड्याला हजर. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं भीत भीत विचारलंही, "एसटीनं पार्सल पाठवलंत तर...?"

"फोडणी हलते," मनवा शांतपणे म्हणाली.

"असं होय!" त्याला पटलं. औषधशास्त्र शिकलेला माणूस. त्याला फोडणीतलं काय कळणार?

पुढे तो कारण नसतानाही थांबू लागला. बनुबाईनं त्याच्या हातात चाळणी दिली. तो पीठ चाळी, अर्धं अंगावर घेई. मनवा पदराचं टोक पुढे करी, पण पुसत मात्र नसे...

"तुमच्या भुवईवर बेसन आहे."

"कुठल्या?"

"दोन्ही."

"मग राहू द्या. शोभतंय का?"

"पिठल्याला शोभतं," ती म्हणे आणि मान वळवी.

तिकडे राजूरला मात्र मोठा अनर्थ चालला होता. मुदत संपलेली गोष्ट पोटात जाऊ द्यायची नाही, हा अनीशचा धर्म. पंधरवडा झाला की उरलेली पाकिटं तो शेजारच्या कोंबड्यांपुढे रिकामी करी. असं सांगतात, की त्या कोंबड्या इतक्या माजल्या की कोल्ह्यानं एकीला धरलं तर तिनंच त्याला ओढत खुराड्यापर्यंत आणलं.

मेच्या शेवटी अनीश आला तो सोबत शोभाताईंना घेऊन. राजूरच्या आसपास डोंगरावरच्या वाड्यांमध्ये शिक्षक एकेकटे राहतात. पाऊस लागला की वाट बंद होते, बाजार तुटतो. त्या सगळ्यांच्या पावसाळ्याच्या बेगमीचं शोभाताई बघत. पिठलं चाखून त्यांनी बोटंसुद्धा पुसली नाहीत.

"सगळ्या वाड्यांना हेच घेऊ," त्या म्हणाल्या. "दरवर्षी घेऊ. फक्त दिवाळीपर्यंत टिकायला हवं."

मनवानं तोंड उघडलं. गल्लीतल्या या कढईचं नाव डोंगरापर्यंत जावं, हे तिचं केव्हापासूनचं मनात होतं. पण बोलला तो अनीश.

"नाही टिकणार, ताई. चव उत्तम आहे, पण पंधरवड्याच्या वर जाळी धरते. त्यांनीच मला सांगितलंय. त्या कधी खोटं बोलत नाहीत."

शोभाताईंनी पिशवी उचलली. "मग आम्हाला काय उपयोग?"

बनुबाई मनवाकडे बघत होती. अनीशही बघत होता — इतक्या विश्वासानं, की तिला कढईआड लपावंसं वाटलं. गप्प राहिलं तर ऑर्डर जाणार. बोललं तर... तो पुन्हा या ओसरीवर कशाला येईल?

शोभाताई पायरी उतरल्या.

"थांबा ताई!" मनवा उठून उभी राहिली. "सहा महिने टिकतं. मागच्या मार्गशीर्षात भरलेलं पाकीट आत आहे, आत्ता उघडून दाखवते. जाळीबिळी काही नाही."

"मग पंधरवडा कुणाला?" शोभाताईंनी विचारलं.

मनवा उलथन्याकडे बघत म्हणाली, "यांना एकट्यांना."

"का?"

"सहा महिन्यांचं एकदम दिलं असतं तर... सहा महिन्यांनी आले असते ना."

गल्लीतली पिठाची गिरणी तेवढ्यापुरती थांबली. लाईट गेली असणार.

शोभाताईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "बनुबाई, मला ते मार्गशीर्षातलं पाकीट दाखवा. सावकाश दाखवा."

"व्हय व्हय, लई आत ठिवलंय ते," म्हणत बनुबाई त्यांना घरात घेऊन गेली.

ओसरीवर दोघंच उरली.

"म्हणजे मी फेकलं ते सगळं...?"

"चांगलं होतं."

"आणि फोडणी हलते ते...?"

"नाही हलत."

अनीशनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मनवाला वाटलं, आता हा पिशवी उचलणार.

"मला पाकीट नको," तो म्हणाला. "एक दिवससुद्धा टिकत नाही असं काही असेल तर द्या. रोज ताजं करावं लागेल असं. भाजायला मी बसेन."

मनवाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. कढईखालची आच असेल.

"ते असं ओसरीवर मिळत नाही," ती हळूच म्हणाली. "त्यासाठी श्रीरामपूरहून आईला घेऊन यावं लागतं."

"कधीपर्यंत?"

"पंधरवडाभरात आलात तरी—"

"नको!" अनीशनं हात जोडले. "तुमच्या मुदतीवर आता माझा विश्वास नाही. आम्ही उद्याच येतो."