मॉनिटर म्यूट केला ती दुपार

यातलं एक अक्षरही रचलेलं नाही. नवऱ्यालाही सांगितलेलं नाहीये. इथेच पहिल्यांदा लिहितेय.

रात्र नव्हती. गेल्या फेब्रुवारीतला शनिवार, दुपारचे तीन. ट्रॉय, मिशिगन. बाहेर बर्फावर लख्ख ऊन.

माझी अनया तेव्हा पाच महिन्यांची. वर तिच्या खोलीत झोपलेली. नुकतीच पालथी पडायला शिकली होती... परत उताणं व्हायला नाही.

खाली आम्ही तिघी. मी व्हायोलिनवर, मैत्रीण नीला चेलोवर, पियानोवर पद्मजाकाकू. काकू रिटायर्ड डॉक्टर. लायब्ररीतल्या कॉन्सर्टसाठी त्याच दिवशी रेकॉर्डिंग पाठवायचं होतं.

वाजवत होतो ते हेडविग नावाच्या एका स्वीडिश संगीतकार बाईचं ट्रिओ, तीन वाद्यांसाठी रचलेलं. दीडशे वर्षांपूर्वीचं. काकूंनीच कुठूनतरी शोधलेलं.

"दर रविवारी हिच्या घरी मैफल असायची," काकू म्हणाल्या. "एकदा ही वाजवत होती आणि वरच्या खोलीत हिचं बाळ गेलं. त्यानंतर एक ओळ लिहिली नाही बाईने."

"काकू, आत्ता काय सांगताय हे! हिचं तोंड बघा," नीला माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली.

मी हसले.

पहिला टेक बेबी मॉनिटरमधून येणाऱ्या अनयाच्या कुरकुरीने वाया गेला. दुसराही.

दहा मिनिटांचा तर प्रश्न होता.

मी मॉनिटर म्यूट केला.

तिसरा टेक. ट्रिओमधला संथ भाग. मध्ये एका जागी तिघीही चार ठोके थांबतो.

त्या शांततेत... वरून पावलं ऐकू आली.

वर सगळीकडे कार्पेट आहे. तरी लाकडावर चालल्यासारखी.

नवरा, शैलेंद्र, कामासाठी दुसऱ्या राज्यात, बेलव्ह्यूला गेला होता. घरात अनयाशिवाय आम्ही तिघीच.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. पण टेक फार छान चालला होता.

मी वाजवत राहिले.

हो. वाजवत राहिले.

शेवटचा स्वर विरला आणि मी वर धावले. अनया उताणी होती. शांत. श्वास चालू. पण नाकावर, गालांवर गादीचे लाल वळ...

मॉनिटरच्या ॲपमध्ये नोंद होती. रडणं, सहा मिनिटं. मग काहीच नाही, एक मिनिट. मग हालचाल.

कॅमेऱ्याची क्लिप उघडली. अनया पालथी, तोंड गादीत. खोलीत कुणी नाही.

मग तिच्या शेजारची गादी दबली... कुणी हात टेकवावा तशी.

आणि अनया सावकाश उताणी झाली.

काकूंनी तिला तपासलं. "ठीक आहे गं." मग म्हणाल्या, "शैलेंद्रला सांगणार आहेस?"

"नको, काकू."

नीलाने माझ्याकडे बघितलंच नाही.

रेकॉर्डिंग निवडलं गेलं. सगळे म्हणाले, बाळ सांभाळून कसं जमतं गं तुला!

आता अनया रडली की मी पोचायच्या आत गप्प होते.

परवा ती रडली. मी धावत जिन्यापर्यंत गेले... आणि थांबले. आधी कोण पोचतं ते बघायला.

मी. तिची आई.

रडणं थांबलं. मी अजून खालच्या पायरीवरच होते.