संत्र्याच्या कागदावरचं नाव

रेहोवोतच्या संत्र्यांच्या शेडमध्ये पेटी पडणं ही काही नवलाची गोष्ट नव्हे. पण ही पेटी पडली ती नेमकी पेपो नाहमियासच्या पायाशी. फळी निखळली, संत्री घरंगळत गेली, आणि एका संत्र्याभोवतीचा पातळ कागद उलगडला. आतल्या बाजूला पेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं...

पेट्यांना खिळे ठोकणं हे पेपोचं काम. तो कागद घेऊन सरळ संत्री गुंडाळणाऱ्या बायकांच्या बाकापाशी आला.

"शिफ्रा लिख्तमान कोण?"

शिफ्रानं आधी मुकादम कुठं आहे ते पाहिलं. मुकादमाला कळलं तर आजच घरी बसवेल. आणि घर तरी कुठलं, निर्वासितांच्या वस्तीतला तंबू.

"मी... का?"

"तुमचं एक संत्रं माझ्याशी बोललं," तो हळूच म्हणाला. "बेरेक, मी जिवंत आहे, रेहोवोतला आहे, असं म्हणत होतं. आता मी काही बेरेक नाही. पण पत्र हातात पडलंय तर निदान पोच द्यावी म्हटलं."

दातांत दोन खिळे धरलेले, त्यामुळे त्याचं हसू अर्धंच उमटलं. तेवढंही पुरलं. शिफ्रानं मान खाली घातली आणि तेच संत्रं दोनदा गुंडाळलं.

बेरेक तिचा धाकटा भाऊ. युद्धात पोलंडमधल्या रादोमच्या स्टेशनावर ज्यूंना गाड्यांत कोंबत असताना तिच्या हातातून त्याचा हात सुटला, तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. घरचे बाकी सगळे मारले गेल्याचं तिला ठाऊक होतं. बेरेकला मात्र मरताना कुणी पाहिलं नव्हतं. एवढ्या एका गोष्टीवर ती सात वर्षं तग धरून होती. संत्री बोटीनं दूरदूर जातात, एखादं त्याच्या हाती पडेल, म्हणून ती कागदांवर लिहायची.

त्या दिवसापासून मुकादम तपासायला येण्याआधीच तिच्या पेट्यांना झाकणं लागू लागली. इतका तत्पर सुतार शेडनं कधी पाहिला नव्हता.

"तुम्ही पोलंडवाले माशात साखर घालता म्हणे?" जेवताना तो विचारायचा.

"घालतो. मग?"

"मग काही नाही. एवढं सोसूनही तुम्ही जगलात कसे, याचं नवल वाटतं."

"आणि तुम्ही सालोनिकावाले बोलून बोलून जगलात वाटतं?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. बाकावरच्या बायकांना बरोबर कळलं.

दुपारी रेडिओवर कोण कुणाला शोधतंय त्यांची नावं वाचत. सगळी शेड थांबायची. शिफ्रा श्वास रोखून ऐकायची. पेपो मात्र तेवढा वेळ बाहेर जाऊन उभा राहायचा, पाऊस असला तरी. एकदा ती त्याच्यामागे गेली.

"तू का ऐकत नाहीस?"

"युद्धाआधी सालोनिकाला आमच्या घरात एकेचाळीस माणसं होती," तो म्हणाला. "प्रत्येकाला जाताना पाहिलेलं कुणी ना कुणी मला भेटलंय. कुणाचं नाव ऐकू?" मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "शिफ्रा... माझ्याशी लग्न करशील?"

"नाही."

"विचार तरी कर."

"महिनाभर तोच करतेय."

"मी आवडत नाही?"

"आवडतोस. तिथंच तर घोडं पेंड खातंय." ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "लग्न केलं की मी नाहमियास होणार. उद्या बेरेकनं लिख्तमानांकडे म्हणून विचारलं तर त्याला सांगतील, या नावाचं इथं कुणी नाही. एकदा माझ्या हातून त्याचा हात सुटलाय, पेपो. पुन्हा नाही सोडणार."

पेपो वळून आत गेला. दुसऱ्या दिवशी तो कामावर आलाच नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

ज्यूंचा हा नवा देश अजून दोन वर्षांचाही नव्हता आणि जुनी नावं टाकून नवी हिब्रू नावं घ्यायची टूम निघाली होती. मुकादमानं स्वतःचं बदललं होतं. "पोरी, तूही एखादं छानसं घे," त्या दिवशी तो सहज म्हणाला, आणि शिफ्राला रडूच फुटलं. बिचारा घाबरून निघून गेला. रडू नावाचं नव्हतं. शेडमध्ये पेपोच्या खिळे ठोकण्याचा आवाज नव्हता, त्याचं होतं.

चौथ्या दिवशी पेपो आला. चिंब भिजलेला, पण शर्टाच्या आतला कागद कोरडा. त्यानं तो तिच्यापुढे उलगडला. वर सरकारी शिक्का, खाली नाव... पेपो लिख्तमान.

"तेल अवीवला दोन दिवस रांगेत होतो," तो म्हणाला. "खिडकीवरचा माणूस म्हणतो, अहो, असली नावं टाकायला लोक येतात, तुम्ही घ्यायला आलात?"

"पण... तुझं नाव, पेपो?"

"त्या नावानं मला शोधत येणारं कुणी उरलं नाही. तुझ्या नावानं कदाचित येईल. मग एका लिख्तमानपेक्षा दोन बरे. तू घरी नसलीस तर दार मी उघडीन."

शिफ्रानं त्याचा ओला हात धरला. मुकादम बघत होता, तरी धरला.

"तुझ्या घरच्यांची नावं मला सांग," ती म्हणाली. "एकेक करून मुलांना ठेवू."

"एकेचाळीस आहेत. लवकर कामाला लागायला हवं."

"चल, चावट..." डोळे पुसत तिनं एक कोरा कागद ओढला आणि पेन्सिलीनं लिहिलं. "बेरेक, मी शिफ्रा लिख्तमान. जिवंत आहे, रेहोवोतला आहे. आता तुला भावोजी आहेत. त्यांचंही आडनाव लिख्तमानच आहे. आमच्यापैकी कुणालाही विचार."

पेपोनं ते वाचलं. मग तिच्या हातातून पेन्सिल घेऊन खाली लिहिलं, "मासे साखरेचे केले तरी चालतील. ये."